दुभाषीकाकांचा करार

दुभाषीकाकांना मातृभाषेखेरीज दुसरी एकही भाषा धड येत नव्हती. परदेशी पाहुणे लॅबमध्ये आले की ते काहीतरी निमित्त काढून हळूच बाहेर सटकत. तरी सगळं ऑफिस त्यांना दुभाषी म्हणे, कारण त्यांची दुभाषेगिरी माणसांमधली नव्हती, प्रोग्रॅमांमधली होती. शहरातल्या तीन हॉस्पिटलांची रक्ताची, लघवीची, थुंकीची तपासणी त्या एका लॅबमध्ये होई. लॅबचा प्रोग्रॅम एका भाषेत लिहिलेला, पहिल्या हॉस्पिटलचा दुसऱ्या, दुसऱ्याचा आणखी वेगळ्या, आणि तिसऱ्याचा तर इतक्या जुन्या भाषेत, की ती लिहिणारे लोक कधीच निवृत्त होऊन कुंड्यांना पाणी घालत बसले होते. या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं काम काकांचं.

त्यासाठी त्यांनी लॅबला एक खिडकी करून दिली होती. कामातले लोक तिला वेब सर्व्हिस म्हणतात, पण खिडकी म्हटलं तरी काही बिघडत नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमनं खिडकीशी यायचं, ठरलेल्या रीतीनं हाक मारायची, ‘अमक्या रुग्णाचा रिपोर्ट द्या’ म्हणायचं, आणि आतून ठरलेल्या रीतीनं उत्तर घेऊन जायचं. आता ही ठरलेली रीत ठरवली कोणी, आणि लिहिली कुठे? सगळी गोम इथेच होती.

काकांची पद्धत सोपी होती, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांची तीच असते. आधी लॅबचा प्रोग्रॅम लिहायचा. तो झाला की एक बटण दाबायचं, त्या प्रोग्रॅमवरून खिडकीचं वर्णन आपोआप तयार होतं; ते हॉस्पिटलांच्या हाती द्यायचं, की बाबांनो, याप्रमाणे हाका मारा. काम झटपट होतं. पण हे म्हणजे आधी शर्ट शिवायचा आणि मग गिऱ्हाईकाला सांगायचं, तुझं माप हे. शर्टाची एक शिवण हलली की सगळ्या गिऱ्हाइकांनी आपापली अंगं कमी-जास्त करायची.

ती शिवण हलली काकांच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नाच्या दिवशी. त्यांच्या विभागात एक टापटिपीचा सहकारी होता. काका सुट्टीवर आहेत, हाताशी वेळ आहे, म्हणून त्यानं प्रोग्रॅमची साफसफाई काढली. डोळ्यांना खुपणारं एक नाव बदलून चांगलं, सुटसुटीत नाव ठेवलं. आपल्याच घरातलं नाव, कोणाला विचारायचं कारण नव्हतं. पण वर्णन प्रोग्रॅममधूनच निघत असल्यामुळे खिडकीवरचं नावही बदललं. तिन्ही हॉस्पिटलं जुन्या नावानं हाका मारत राहिली आणि आतून कोणी ओ देईना. रिपोर्ट अडकले, डॉक्टर खवळले, आणि काकांचा फोन वाजायला लागला.

लग्नाच्या हॉलमागे भांडी विसळायची जागा होती, तिथे एका कानात बोट घालून काका सहकाऱ्याला एकेक ओळ सांगत होते. सगळं पूर्ववत झालं आणि ते कपाळ पुसत पुढे आले, तर हॉल रिकामा. लेक-जावयाची गाडी निघून गेली होती. निरोप द्यायचा राहिला. लेक थांबली होती बराच वेळ, पण गाडी कोणासाठी थांबणार?

काकू त्या दिवसापासून ऑफिसच्या फोनला ‘सवत’ म्हणायला लागल्या. ‘सवतीला जेवायला बोलवा’, ‘सवत उशाला घेऊन झोपलात का?’ काका हसण्यावारी नेत. मनातून मात्र त्यांना त्या सवतीची गोडी होती, हेही सांगून टाकायला हवं. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, ही भावना चहासारखी असते. सवय लागली की ती नसली तर डोकं दुखतं.

लेकीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा फोनवर तिनं आईला सगळं सविस्तर सांगितलं आणि मग बाबांना फोन द्यायला लावला.

‘‘बाबा, बाळ होईल तेव्हा तुम्ही यावं असं मला फार वाटतं. पण येणार असाल तर पूर्ण या. अर्धे येणार असाल तर आईच पुरे आहे मला.’’

‘‘अगं, अर्धा म्हणजे?’’

‘‘तुम्हाला माहितीये अर्धा म्हणजे काय ते,’’ ती म्हणाली, आणि रडवेली झाली. काकांनी ‘पूर्ण येतो’ म्हणून शब्द दिला. पण तो पाळायची सोय त्यांच्या हातात नव्हती. ती त्या खिडकीच्या हातात होती.

त्याच सुमारास चौथं हॉस्पिटल लॅबशी जोडून घ्यायचं ठरलं. जुन्या खिडकीला ठिगळं लावून लावून ती आता पार वाकडी झाली होती, तेव्हा नवीनच करायची असं लॅबच्या मुख्य डॉक्टरबाईंनी जाहीर केलं आणि बैठक बोलावली. बैठकीला नव्या हॉस्पिटलचा प्रोग्रॅमर आला होता. त्यानं आल्या आल्या इतके प्रश्न विचारले, की चहा येईपर्यंत त्याचं नाव शंकासूर पडलं होतं. शिवाय काकांच्या विभागातली वीज होती. ही मुलगी हाताची इतकी जलद, की ती कीबोर्डवर बसली की शेजारचे आपलं काम थांबवून बघत राहत. म्हणून वीज.

‘‘बाई, दोन दिवस द्या,’’ वीज म्हणाली. ‘‘परवा तुम्हाला स्क्रीनवर चालतं दाखवते. प्रोग्रॅम लिहिते, वर्णन त्यातून आपोआप निघेल, ते सगळ्यांना वाटू.’’

‘‘आणि निरोप घालून पाठवायचं पाकीट कोणतं?’’ शंकासुरानं विचारलं. ‘‘जाड की हलकं? म्हणजे शिक्के-मोहरांची भारी पद्धत, की नुसत्या पत्त्यावर जाऊन मागायची साधी पद्धत?’’

यावर अर्धा तास वाद झाला. या धंद्यात या वादावर माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली आहेत. काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘पाकीट कसलंही घ्या हो. आत काय लिहायचं ते आधी ठरवू. आपण चौघं-पाचजण बसू, एकेक गोष्ट ठरवू, कागदावर करार लिहू. प्रत्येक घराला, म्हणजे हॉस्पिटलला, काय मिळेल, कुठल्या नावानं, काय रिकामं राहू शकतं, काय नाही. मग ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत त्या करारासारखा प्रोग्रॅम लिहायचा. आधी करार, मग प्रोग्रॅम.’’

‘‘काका, तुम्ही तर जन्मभर उलटंच केलंत,’’ वीज म्हणाली. मस्करीत म्हणाली, पण लागायचं तिथे लागलं.

‘‘म्हणून तर सांगतोय.’’

बाईंनी पेन टेबलावर आपटत विचारलं, ‘‘करार व्हायला किती वेळ?’’

‘‘काही आठवडे.’’

‘‘तोवर मला काय दिसेल?’’

‘‘कागद.’’

‘‘आणि आठवडे संपल्यावर?’’

‘‘जरा सुधारलेला कागद,’’ काका म्हणाले, आणि सगळे हसले. बाई हसल्या, पण त्यांचा कल विजेकडे झुकलेला स्पष्ट दिसत होता. दोन दिवसांत चालतं दाखवणारी एकीकडे आणि आठवडेच्या आठवडे कागद दाखवणारा एकीकडे. कोणीही शहाणा माणूस काय निवडेल?

तेव्हा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसच्या टेबलावर घरची गोष्ट काढली. ‘‘बाई, माझी लेक बाळंत होणार आहे. मला तिच्याकडे जायचंय. आणि हा फोन इथे ठेवून जायचंय.’’

‘‘त्याचा याच्याशी काय संबंध?’’

‘‘तोच तर संबंध आहे. जुन्या पद्धतीनं केलं तर परवा चालेल, पण रोज कोणीतरी लागेल ते चालवायला. आतलं काही हललं की बाहेरचे पडणार, आणि बाहेरचे पडले की मला फोन. जे माझ्यावाचून चालत नाही ते झालंच नाही, असं धरा. इतकी वर्षं मी तुम्हाला अर्धवट काम दिलंय आणि वर ते सांभाळतो म्हणून शाबासकी घेतलीय.’’

शंकासुरालाही शंका सुचली नाही. बाईंनी विचारलं, ‘‘लेकीची तारीख कधीची?’’ काकांनी सांगितली. ‘‘मग त्याच्या आधी खिडकी सुरू झाली पाहिजे. नाही झाली तर वीज म्हणते तसं करू, आणि तुम्ही फोन घेऊन जा.’’

म्हणजे शब्द पाळायचा तर कागद पुरा करायला हवा, आणि कागद पुरा व्हायचा तर शंकासुराचं समाधान व्हायला हवं. ते म्हणजे रांजणाला भोक आणि वरून पाणी ओतणं.

बैठका सुरू झाल्या. लॅबच्या मागच्या बाजूला, जिथून रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्राची घरघर सतत ऐकू येई, तिथली एक अरुंद खोली त्यांना मिळाली. पहिले काही दिवस नावांवरच गेले. एकाचा ‘नमुना’ तो दुसऱ्याचा ‘नग’ आणि तिसऱ्याची ‘बाटली’. मग तारखेवरून ठिणगी पडली. लॅबमध्ये नमुना येऊन पोचेपर्यंत ‘नमुना घेतल्याची तारीख’ रिकामी असे. काकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

‘‘आमच्या भाषेत तारीख रिकामी राहूच शकत नाही,’’ शंकासूर म्हणाला. ‘‘तुम्ही काही पाठवलं नाहीत, तर आमचा प्रोग्रॅम आपणहून इसवी सनाचा पहिला दिवस टाकतो.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे तुमचा रुग्ण दोन हजार वर्षांपूर्वी रक्त देऊन गेला असं आमच्या डॉक्टरांना दिसणार.’’

‘‘मग रिपोर्टला उशीर झाला म्हणून तक्रार तरी करू नका!’’ काका म्हणाले. सगळे हसून हसून लोटपोट झाले. पण हसू ओसरल्यावर काकांच्या अंगावर काटा आला. कारण तारखेचं जे, तेच आकड्याचं. जिथे तपासणी झालेलीच नाही, तिथे एका घरी ‘रिकामं’ होतं आणि दुसऱ्या घरी तेच ‘शून्य’ होऊन बसत होतं. तपासलं नाही आणि तपासलं तर काहीच निघालं नाही, यात जीव जाईल इतकं अंतर आहे. जुन्या खिडकीतून अशी किती शून्यं गेली असतील आणि कोणा भल्या डॉक्टरनं ती डोक्यानं ओळखून दुरुस्त केली असतील, देव जाणे. त्यांनी करारात लिहिलं: जे नाही ते पाठवायचंच नाही, आणि ज्याला ते मिळालं नाही त्यानं स्वतःच्या मनानं भरायचं नाही. आकडा एकटा जाणार नाही, त्याचं माप, म्हणजे ग्रॅम की मिलिग्रॅम, त्याच्याबरोबर जाईल. शंकासुरानं हे वाक्य तीनदा मोडून पाहिलं. मोडलं नाही. तेव्हा कुठे त्यानं मान डोलावली.

पण दिवस सरत होते. स्क्रीनवर अजून काही म्हणजे काही चालत नव्हतं. काकू लेकीकडे पुढे निघून गेल्या होत्या आणि रोज फोनवर विचारत, ‘‘झाला का तुमचा कागद?’’ ‘‘होतोय’’ म्हणताना काकांची जीभ अडखळे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलो की काय, असं त्यांना वाटू लागलं. विजेनं तर अबोलाच धरला होता. ती बैठकीला येई, कोपऱ्यात बसे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा उसासा टाके. दोन दिवसांत झालं असतं, असं त्या उसाशानं दर खेपेस बजावून सांगितलं.

करार पुरा झाला त्या दुपारी काकांनी तो तिच्यापुढे ठेवला. तिनं तो नाखुशीनं उचलला, चाळला, मग खुर्ची पुढे ओढून नीट वाचला. मग म्हणाली, ‘‘काका, हे इतकं नेमकं लिहिलंय, तर खऱ्या लॅबची वाट कशाला बघायची?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मी एक खोटी लॅब करते. आत काही नाही, नुसती खिडकी. करारात म्हटलंय तशी हाक मारली की करारात म्हटलंय तसं उत्तर देईल. सगळी हॉस्पिटलं आजपासून तिच्यावर आपलं आपलं तपासून घेतील. आपली खरी लॅब मागून होऊ दे. कोणी कोणासाठी अडायला नको.’’

काका तिच्याकडे बघतच राहिले. हा फायदा त्यांच्या डोक्यातच आला नव्हता. ते नुसता फोनपासून सुटायचा रस्ता शोधत होते. तिनं त्याच रस्त्यावर पळायची सोय काढली. दोन दिवस मागितले होते, ते तिला आता मिळाले, आणि दोन दिवसांत तिनं खोटी लॅब उभी केली. मग जे काम एकामागून एक व्हायचं ते चार ठिकाणी एकदम सुरू झालं. शंकासुरानं पहिली हाक मारली, रिकाम्या तारखेच्या रुग्णाची, मुद्दामच. उत्तर आलं. तारीख नव्हती, आणि त्याच्या पडद्यावर इसवी सनाचा पहिला दिवसही नव्हता. ‘नमुना अजून आलेला नाही’ इतकंच होतं. ‘‘चाललं की हो!’’ तो फोनवर ओरडला. त्याच्या तोंडून प्रश्नचिन्हाशिवाय निघालेलं ते पहिलंच वाक्य असावं. काकांचा जीव भांड्यात पडला.

खरी खिडकी सुरू करायच्या सकाळी सगळे टेबलाभोवती जमले होते. बाईही खाली उतरून आल्या होत्या. आणि काकांच्या खिशातला ऑफिसचा फोन वाजला. पलीकडे काकू होत्या. ‘‘अहो, तिला दवाखान्यात आणलंय. तारखेच्या आधीच. घाबरू नका, पण निघा.’’

काकांनी फोन ठेवला आणि तसेच उभे राहिले. पाय दाराकडे आणि डोळे स्क्रीनकडे. इतक्या महिन्यांचं काम, आणि नेमकं सुरू होताना आपण नाही? काही अडलं तर? एक तासभर थांबावं, नीट चालतंय एवढं बघावं आणि मग निघावं. लग्नाच्या हॉलमागे उभे होते तेव्हाही मनानं हाच एक तास मागितला होता.

‘‘काका, तुम्ही इथे थांबून काय करणार?’’ वीज म्हणाली.

‘‘काही लागलं तर...’’

‘‘मी करार दोनदा वाचलाय. त्यात तुमचं नाव कुठेच नाहीये.’’

हे तिनं इतक्या सरळपणे सांगितलं की काकांना राग यायला हवा होता. त्याऐवजी त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ऑफिसचा फोन तिच्या हातात दिला, बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, ‘‘जा हो, उभे काय राहिलात!’’ काका गेले. खिडकी सुरू झालेली त्यांनी पाहिली नाही.

ते पोचले तेव्हा नात जन्माला येऊन थोडाच वेळ झाला होता. लेक थकून पडली होती, पण त्यांना दारात पाहून तिनं हात पुढे केला, आणि आधी त्यांच्या खिशांकडे पाहिलं. काकांनी दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. एकात रुमाल, एकात तिकीट. ती हसली आणि हसता हसता रडली. जावई बिचारा दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला; त्याला कोणी काही समजावून सांगितलं नाही.

मग सुरू झाले ते दिवस काकांच्या आयुष्यातले सर्वांत रिकामे आणि सर्वांत भरगच्च. ते बाळाचे कपडे वाळत घालत, जावयाबरोबर बाजारात जात, आणि नात झोपली की तिच्याकडे बघत बसत. पहिल्या आठवड्यात कुठेही फोन वाजला की दचकत. दुसऱ्या आठवड्यात दचकायचं कमी झालं. आणि मग, काय सांगावं, त्यांना करमेना. इतके दिवस कोणाचं काहीच कसं अडलं नाही? शेवटी एका दुपारी, काकू डुलक्या घेत होत्या तेव्हा, त्यांनी गॅलरीत जाऊन जावयाच्या फोनवरून विजेला फोन लावला.

‘‘सगळं ठीक ना?’’

‘‘अय्या, काका! ठीक म्हणजे काय, झकास. बाळ कसंय?’’

‘‘बाळ छान आहे. काही अडलं नाही ना?’’

‘‘नाही. अरे हो, एक सांगायचं राहिलं. गावाबाहेरचा तो छोटा दवाखाना आहे ना, तोही जोडला गेला.’’

‘‘कोणी जोडला? तू?’’

‘‘मी नाही. त्यांनीच. त्यांच्या माणसानं बाईंची परवानगी घेतली, करार नेला, वाचला, आधी खोट्या लॅबवर चालवून बघितलं आणि मग खऱ्या. मला कळलं तेव्हा त्यांचे रिपोर्ट जायलासुद्धा लागले होते. काही विचारायला एक फोन नाही हो केला!’’

काका गॅलरीच्या कठड्याला टेकले. ज्या माणसाला ते कधी भेटले नाहीत, ज्याची भाषा कोणती हेही त्यांना माहीत नाही, त्याला त्यांचं म्हणणं पहिल्या झटक्यात समजलं होतं. जन्मभर दुभाषेगिरी केली, पण असं कधी घडलं नव्हतं. आपली गरज संपल्याचं इतकं बरं वाटेल, असं त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. क्षणभर काळजात एक कळ उठली, नाही असं नाही. पण ती क्षणभरच. मग इतकं हलकं वाटलं, की गॅलरीतच खाली बसावंसं वाटलं, आणि ते बसले.

लेक बाळाला घेऊन बाहेर आली. ‘‘काय झालं बाबा? ऑफिसमधून बोलावलं का?’’ तिचा आवाज एकदम बारीक झाला होता.

‘‘नाही गं. मीच केला होता फोन.’’

‘‘मग? जावं लागणार का?’’

‘‘नाही.’’

ती त्यांच्या शेजारी खाली बसली. बाळ या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाली, ‘‘परवाचं तिकीट आहे ना तुमचं... पुढे ढकलता येईल?’’

काकांच्या तोंडून सवयीनं ‘विचारून बघतो’ निघणार होतं. पण विचारायचं कोणाला? तिकडे कोणी त्यांच्यासाठी खोळंबलं नव्हतं. त्यांनी नातीला घ्यायला हात पुढे केले आणि म्हणाले, ‘‘ढकल की. हवं तेवढं ढकल.’’